ज्येष्ठ नागरिक संघात फोनच्या कॅमेऱ्याने चाल, उठबस आणि तोल मोजायचा आहे, काय काय सांभाळायचं?

पाऊलवाट

ज्येष्ठ नागरिक संघाच्या साठेक सभासदांची (वय 62 ते 88) हालचाल दर तीन महिन्यांनी मोजून नोंद ठेवायची आहे. चाचण्या तीन ठरल्या आहेत. तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ही पहिली. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जायचं, वळून परत येऊन बसायचं आणि त्याला किती सेकंद लागतात ते बघायचं ही दुसरी, म्हणजे टाइम्ड अप अँड गो (पुढे नुसतं 'टग' म्हणते). तिसरी तोलाची. हाताशी 9 बाय 6 मीटरचं सभागृह, एक मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन, एक ट्रायपॉड आणि चार स्वयंसेवक आहेत.

व्हिडिओतून सांधे ओळखणारं एआय ॲप वापरायचा विचार आहे. ते उठण्याची संख्या मोजतं, टगची वेळ काढतं आणि शेवटी 'पडण्याचा धोका' म्हणून हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दाखवतं.

कॅमेरा आणि खुर्ची कशी लावायची? एआय कुठे चुकतं आणि का? आणि तो रंग सभासदांना सांगायचा का? या विषयात काम करणाऱ्यांनी तपशिलात लिहावं ही विनंती.

सांधाजोड

एआयच्या आधी खुर्ची बघा. निम्म्या चुका तिथेच होतात.

तीस सेकंदांच्या चाचणीला बैठकीची उंची 43 सेंटीमीटर लागते, हात नसलेली सरळ पाठीची खुर्ची. टगला साधारण 46 सेंटीमीटर आणि हात असलेली. म्हणजे दोन खुर्च्या. एकाच खुर्चीवर दोन्ही चाचण्या उरकल्या तर आकडे तक्त्यांशी ताडून बघता येत नाहीत. सभागृहातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊ नका. त्यांची बैठक मागे कललेली असते, त्यामुळे माणूस आत रुतून बसतो आणि उठताना पुढे सरकण्यातच वेळ जातो. शिवाय जोर लागला की पाय फरशीवर मागे सरकतात. कठीण बैठकीची लाकडी किंवा लोखंडी खुर्ची घ्या, पाठ भिंतीला टेकवा, पायांखाली रबरी चटईचे तुकडे घाला.

उठण्याचे नियम असे. हात छातीवर फुली करून मनगटात दुमडलेले, पावलं जमिनीवर सपाट, प्रत्येक वेळी पूर्ण उभं राहून पूर्ण बसायचं. हाताने मांडीला किंवा खुर्चीला रेटा दिला तर त्या चाचणीचा गुण शून्य. तीस सेकंद संपताना माणूस अर्ध्याहून अधिक उठलेला असेल तर ते उठणं धरायचं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या तक्त्याप्रमाणे 65 ते 69 वयात पुरुषांचं 12 आणि बायकांचं 11 पेक्षा कमी आलं तर सरासरीच्या खाली, 75 ते 79 मध्ये 11 आणि 10, 80 ते 84 मध्ये 10 आणि 9. टगला 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पुढे तपासायचं.

शून्य आलेल्या माणसाची नोंद मात्र नुसती 'शून्य' अशी ठेवू नका. 'हाताचा आधार घेऊन 7' असं लिहा. तीन महिन्यांनी आधाराशिवाय 2 जमले तर ती मोठी सुधारणा आहे, आणि ती वहीत दिसली पाहिजे.

फ्रेमगणक

आता एआयची बाजू. ही ॲप्स चित्रातल्या माणसावर ठरावीक बिंदू बसवतात. हे काम करणाऱ्या एआय मॉडेलांपैकी मूव्हनेट 17 बसवतं, ब्लेझपोझ 33. ओपनपोझच्या नेहमीच्या मॉडेलात 25 असतात. बिंदू बसले की बाकीचं गणित साधं असतं: खांदा किती वर गेला, घोटा किती पुढे सरकला.

कॅमेरा उठबशीला बरोबर बाजूने, खुर्चीपासून 3 मीटरवर, लेन्स जमिनीपासून मीटरभर उंच. उभं राहिल्यावर डोक्यावर वीतभर जागा उरली पाहिजे आणि पावलं पूर्ण दिसली पाहिजेत. समोरून घेतलं तर मांड्या कॅमेऱ्याकडे रोखलेल्या राहतात आणि कंबर-गुडघ्याचं अंतर मॉडेलला नीट कळत नाही.

टगसाठी खुर्ची, तीन मीटर आणि वळायची जागा धरून जवळजवळ पाच मीटर रुंदी चौकटीत यायला हवी. साध्या लेन्सने त्यासाठी फोन आडवा धरून चार ते साडेचार मीटर मागे जावं लागतं. तुमचं सभागृह पुरेसं आहे. अल्ट्रावाइड लेन्स लावू नका, कडेला चित्र ताणलं जातं आणि नेमकं वळणच कडेला येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोन सेकंदाला 30 फ्रेमचं (म्हणजे चित्रांचं) आश्वासन देतो, पण उजेड कमी झाला की गुपचूप 24 वर उतरतो. ॲप जर 'फ्रेम भागिले 30' असं गणित करत असेल तर काय होतं बघा. एखाद्या आजींना टगला खरे 14 सेकंद लागले. 24 च्या वेगाने 336 फ्रेम झाल्या. 336 भागिले 30 म्हणजे 11.2 सेकंद! वर सांधाजोड यांनी सांगितलेली 12 ची रेघ त्यांनी न चालताच ओलांडली. म्हणून पहिल्या दिवशीच दहा जणांचं स्टॉपवॉच आणि ॲप शेजारी शेजारी लावून बघा. फरक सगळ्यांचा एकाच बाजूला आणि एकाच प्रमाणात येत असेल तर दोष घड्याळाचा समजा.

दिवेलागण

गॅलरीचं दार किंवा खिडकी पाठीमागे ठेवू नका. माणूस काळी सावली होतो आणि बिंदू डावा-उजवा पाय सतत अदलाबदल करतात.

निऱ्यांचा_घोळ

फ्रेमगणक यांनी लिहिलं ते पँट घातलेल्या माणसाला लागू आहे. ज्येष्ठ नागरिक संघात निम्म्या बायका साडीत असणार, हे धरून बोलू या.

सहावारी साडीत कंबर ते घोटा एक सलग कापड असतं. मॉडेलला गुडघा दिसत नाही, तरी ते बिंदू बसवतंच, कारण प्रत्येक बिंदू कुठेतरी बसवायचाच असं ते शिकलेलं असतं. ते अंदाजाने गुडघा निऱ्यांच्या मध्यावर कुठेतरी ठेवतं. चालताना निऱ्या पावलामागून हलतात आणि तो बिंदू निऱ्यांबरोबर झुलतो. मग ॲप सांगतं की डावा गुडघा 20 अंश वाकतो आणि उजवा 50. पाय दोन्ही सारखे असतात, फरक साडीच्या घोळाचा असतो. नऊवारीत पाय वेगळे दिसतात, पण कासोट्यामुळे कंबरेचा बिंदू मागे ओढला जातो. धोतर आणि लुंगीचंही तेच. पदर पुढे घेतला असेल तर छातीवरचे हात झाकले जातात आणि हाताचा आधार घेतला की नाही हे ॲपला ठरवता येत नाही.

म्हणून साडीतल्या व्यक्तीसाठी गुडघा आणि कंबरेचे सगळे आकडे सरळ बाजूला ठेवा. खांदा आणि कान हे बिंदू उघडे असतात, त्यांच्यावरून उठण्याची संख्या आणि वेळ चांगली निघते. घोटे दिसण्यापुरती साडी वर खोचायला सांगितलं तर पावलंही मोजता येतात, आणि चालताना निऱ्यांत पाय अडकण्याचा धोकाही कमी होतो. चाचणीसाठी पंजाबी ड्रेस घालून या, असा नियम करू नका. रोज साडीत वावरणाऱ्या बाईची चाल साडीतलीच मोजली पाहिजे.

फ्रेमगणक

@निऱ्यांचा_घोळ, अगदी मान्य. प्रत्येक बिंदूबरोबर मॉडेल खात्रीचा आकडा देतं, पण कापडाआडच्या गुडघ्यालाही तो बरेचदा उंचच येतो, त्यामुळे त्यावर विसंबता येत नाही.

खांद्यावरून मोजायचं तर ही पद्धत वापरा. चाचणीआधी माणसाला एकदा नीट बसवा आणि एकदा नीट उभं करा. बसलेल्या खांद्याची उंची 0, उभ्याची 1. हे प्रत्येकाचं स्वतःचं माप. पाठीला पोक असलेले आजोबा पूर्ण उभे राहिले तरी ॲपच्या ठोकळ 'पूर्ण उंची'पर्यंत पोचत नाहीत आणि त्यांचं प्रत्येक उठणं बाद होतं. स्वतःच्या मापाने तसं होत नाही. मग खांदा 0.85 च्या वर गेला की 'उठला' आणि 0.2 च्या खाली आला की 'बसला'. दोन्हीला एकच रेघ ठेवलीत तर माणूस रेघेपाशी डळमळला की एका उठण्याची तीन उठणी मोजली जातात.

एक गंमत अशी की उठण्याआधी खांदा आधी खाली जातो, कारण माणूस पुढे वाकतो. आलेखातला हा खळगा पुसून टाकू नका. मांड्यांत जोर कमी असेल तर माणूस धड जास्त पुढे झोकून उठतो, आणि खळगा खोल होतो.

काठी_आणि_घड्याळ

मला इथे वेगळं मत मांडायचं आहे. एवढा खटाटोप कशाला? टग 1991 मध्ये आली ती खुर्ची, घड्याळ आणि तीन मीटर मोकळी जागा एवढ्यावर. सभागृहाची फरशी 60 सेंटीमीटरची असेल तर पाच फरश्या म्हणजे तीन मीटर, टेपसुद्धा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ज्येष्ठांसाठीची प्राथमिक तपासणी तर त्याहून सोपी: हात न लावता पाच वेळा उठणं 14 सेकंदांत होतं का? हो किंवा नाही. साठ माणसांना चार स्वयंसेवक एका सकाळी हे करतील, आणि वही वीज गेली तरी चालते.

चार स्वयंसेवकांचा वेळ कॅमेरा लावण्यात गेला तर माणसाजवळ उभं कोण राहणार?

सांधाजोड

@काठी_आणि_घड्याळ, माणसाजवळ उभं राहण्याचा मुद्दा सोळा आणे खरा. घड्याळ काढून टाकायचं असं कुणी म्हणतही नाही.

पण घड्याळ एकच आकडा देतं. दोघांना टगला 14 सेकंद लागले असं धरा. एकाचे चार सेकंद खुर्चीतून उठण्यात गेले, दोनदा प्रयत्न करून. चाल ठीक. दुसऱ्याचं उठणं झटक्यात झालं, पण वळताना सात-आठ बारीक पावलं टाकत तो जागच्या जागी फिरला. पहिल्याला मांड्यांचे व्यायाम आणि घरी उंच खुर्ची लागेल. दुसऱ्याचा तोल तपासायला हवा, आणि बारीक पावलांनी वळणं नवीन असेल तर डॉक्टरांना दाखवायला हवं, कारण पार्किन्सन्समध्येही असं होतं. वहीत दोघांपुढे 14 च लिहिलं जाईल. व्हिडिओ या 14 सेकंदांचे उठणं, जाणं, वळणं, येणं आणि बसणं असे पाच तुकडे करून देतो. शेवटच्या तुकड्याकडे खास बघा. शेवटच्या वीतभर अंतरात माणूस अलगद बसतो की धपकन, हे स्टॉपवॉचला दिसत नाही. स्नायूंना भार झेपत नसल्याची ती खूण असते.

अमेरिकेत 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 405 जणांनी घरी फोनवर पाच वेळा उठबशीचा व्हिडिओ केला होता. त्यात वेळेबरोबर धड किती पुढे वाकतं हेही व्हिडिओतून काढलं, आणि ते गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताशी जुळलं. वेळ एवढीच मोजली असती तर ही माहिती हातची गेली असती.

खिसा_नसलेली

कॅमेऱ्याऐवजी फोनमधल्या सेन्सरवर चालणारी मोजणीही आहे. ॲपलने 2021 मध्ये आयफोनवर चालण्याच्या स्थिरतेची नोंद आणली. फोन कंबरेजवळच्या खिशात असताना सेन्सरवरून वेग, पावलाची लांबी, दोन्ही पायांतला फरक असं काढून ती ठीक, कमी आणि फार कमी अशा तीन पायऱ्या सांगते. रोजची चाल आपोआप मोजली जाते ही तिची चांगली बाजू. सभागृहात सगळे बघत असताना माणूस छाती काढून चालतो, पण भाजी आणायला जाताना कसा चालतो ते यात कळतं.

पण 'कंबरेजवळचा खिसा' हे दोन शब्द परत वाचा. साडीला खिसा नसतो. फोन पर्समध्ये किंवा पिशवीत असतो, नाहीतर घरी टेबलावर. झब्ब्याचा खिसा सैल असतो आणि फोन त्यात स्वतःचीच झोकांडी खातो. म्हणजे ज्या आजींची चाल मोजायची, त्यांचीच नोंद कोरी राहते.

सेन्सरने मोजायचंच असेल तर कापडी पट्टा करून फोन कंबरेच्या मागे, मणक्यावर घट्ट बांधा. सैल असला की पट्ट्याचा हिसकाच पाऊल म्हणून मोजला जातो. नोंद सेकंदाला 100 वेळा ठेवा. पाय घासत सावकाश चालणाऱ्यांचे हिसके इतके बारीक असतात की पावलं मोजणारं गणित ती गाळतं. वॉकर धरून चालणाऱ्यांत तर उचल, ठेव, पाऊल असा वेगळाच ताल असतो. त्यांची पावलं डोळ्यांनीच मोजा.

रानफूल

वाचनखूण साठवली. खिशाचा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता.

शंभरातले_तीस

धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्न अजून तसाच राहिला आहे: लाल रंग सांगायचा का? माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. कारण आकड्यांतच बघा.

65 वर्षांवरच्या शंभर माणसांपैकी वर्षभरात साधारण तीस जण एकदा तरी पडतात. जागतिक आरोग्य संघटना 28 ते 35 टक्के म्हणते. टगवरच्या अनेक अभ्यासांचा 2014 मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. 13.5 सेकंदांची रेघ धरली तर पडणाऱ्यांपैकी 31 टक्के त्या रेघेपलीकडे सापडले, आणि न पडणाऱ्यांपैकी 74 टक्के अलीकडे राहिले.

आता शंभर जणांना बसवा. तीस पडणारे, त्यांतले 9 लाल. सत्तर न पडणारे, त्यांतले 18 लाल. एकूण लाल 27, त्यांतले खरे पडणारे 9. म्हणजे दर तिघांत एक. आणि चाचणी न करता शंभरातून कुणावरही बोट ठेवलं असतं तरी पडण्याची शक्यता जवळपास दर तिघांत एकच होती! दुसरी बाजू त्याहून वाईट. हिरव्या 73 जणांत 21 पडणारे उरलेले आहेत, आणि त्यांना 'तुम्ही सुरक्षित आहात' असं आपणच सांगितलेलं असेल.

एआयने टग कितीही अचूक मोजली, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली, तरी हे बदलत नाही. पडणं ओल्या न्हाणीघरात होतं, रात्रीच्या अंधारात होतं, झोपेच्या गोळीमुळे होतं, मोतीबिंदूमुळे होतं. खुर्चीपुढच्या तीन मीटरांत यातलं काहीच नसतं. मोजणी अचूक आहे म्हणून भाकीतही अचूक असेल, ही गल्लत ॲपच्या जाहिराती सर्रास करतात. ॲप बनवणाऱ्याला विचारा: रंग कोणत्या रेघेवर ठरतो, आणि ज्यांच्यावर तपासलं त्यांच्यातले किती जण पुढच्या वर्षभरात खरंच पडले? उत्तर मिळालं नाही तर रंग झाकून ठेवा.

काठी_आणि_घड्याळ

@शंभरातले_तीस, हा हिशोब फार नेमका मांडलात. मग मोजायचंच कशाला, असा प्रश्न कुणी विचारेल, म्हणून त्याचं उत्तरही मीच लिहितो: माणसाची तुलना त्याच्याच मागच्या आकड्याशी करायला.

शंभरातले_तीस

बरोबर. आणि त्या तुलनेत किती फरक 'खरा' धरायचा हे आधी ठरवा. चालीच्या वेगात सेकंदाला 0.05 मीटर हा लहानसा पण जाणवणारा बदल मानतात, 0.1 मीटर हा ठळक. चार मीटर चालायला 4 सेकंद लागले तर वेग 1 मीटर, साडेचार लागले तर 0.89. म्हणजे स्टॉपवॉच दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला की 'ठळक बदल' झाला! इथे कॅमेरा उपयोगी पडतो, फ्रेमचा वेळ खरा धरला असेल तर.

चालीचा वेग घेणार असाल तर मोजायच्या चार मीटरांच्या आधी मीटर-दीड मीटर आणि नंतर तेवढंच अंतर मोकळं सोडा. चौथ्या मीटरला थांबायचं आहे हे माहीत असलं की माणूस तिसऱ्यालाच मंदावतो. दोनदा चालवा आणि दोन्ही आकडे लिहा. दोहोंत जेवढा फरक येतो, तेवढा तीन महिन्यांनी आला तर त्याला बदल म्हणू नका.

देवनार_पलीकडे

सांधाजोड यांनी दिलेल्या रेघा अमेरिकन आहेत, हे त्यांनीच लिहिलंय. आशियाई तज्ज्ञगटाने स्नायूंच्या झिजेसाठी 2019 मध्ये वेगळ्या रेघा दिल्या: चाल सेकंदाला 1 मीटरपेक्षा कमी, किंवा पाच वेळा उठायला 12 सेकंद वा जास्त. आपल्याकडे 'लासी' या मोठ्या पाहणीच्या पहिल्या फेरीत, 2017-18 मध्ये, देशभरातल्या 72 हजारांहून अधिक लोकांकडून माहिती घेतली, आणि त्यांतल्या ज्येष्ठांची चाल, तोल आणि मुठीची ताकद प्रत्यक्ष मोजली. तिचं काम देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने सांभाळलं. म्हणजे भारतीय आकडे नाहीत असं नाही. ॲपला नियम बदलायची सोय आहे का बघा, नसेल तर नुसते सेकंद घ्या आणि तुलना वहीत करा.

उकिडवा

थोडं अवांतर, पण आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं. खुर्चीतून उठता येणं हे आपलं पूर्ण जगणं नाही. देवापुढे मांडी घालून बसणं, भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं, पंगतीतून उठणं, पोळपाट खाली घेऊन बसणं. माणूस खुर्चीच्या चाचणीत 12 वेळा उठेल आणि जमिनीवरून एकदाही उठू शकणार नाही. ब्राझीलमध्ये जमिनीवर बसून उठण्याची दहा गुणांची चाचणी आहे: बसण्याचे पाच, उठण्याचे पाच, हात किंवा गुडघा टेकला की दरवेळी एक गुण कमी, तोल गेला की अर्धा. ती संघात घ्यावी का?

सांधाजोड

@उकिडवा, मुद्दा शंभर टक्के बरोबर, पण संघाच्या सभागृहात स्वयंसेवकांनी ही चाचणी घेऊ नये. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल, हाडं ठिसूळ असतील, तर खाली बसतानाच इजा होऊ शकते. ती फिजिओसमोर करावी. संघाने फक्त विचारून लिहावं: 'जमिनीवरून उठताना काय धरता? काहीच नाही, स्वतःचा गुडघा, खुर्ची, की दुसरा माणूस?' हे चार पर्याय दर तीन महिन्यांनी विचारले तरी घसरण लक्षात येते.

फ्रेमगणक

आणि एआयचंही इथे जमत नाही. मांडी घातली की एक पाय दुसऱ्याआड जातो, घोटे मांडीखाली जातात, आणि मॉडेल चार पायांची अदलाबदल केल्यासारखं चित्र काढतं.

तोलाच्या चाचणीचंही सांगतो, कारण धाग्यात ती मागे पडली. पाय जुळवून, अर्धं पाऊल पुढे, टाच-अंगठा एका रेषेत, एका पायावर, अशा चार स्थिती, प्रत्येकी 10 सेकंद. यातला फरक दोन-तीन सेंटीमीटरचा असतो, आणि तीन मीटरवरून पावलांचे बिंदू तेवढे अचूक बसत नाहीत. टाच-अंगठा खरंच जुळलाय का हे माणसानेच वाकून बघायचं आणि घड्याळ माणसानेच लावायचं. कॅमेरा बंद ठेवलात तरी चालेल.

हाताच्या_अंतरावर

स्वयंसेवकांसाठी. एक जण कायम हाताच्या अंतरावर, ज्या बाजूला माणूस कमजोर आहे त्या बाजूला, किंचित मागे. हात उघडे, पण न धरता. गरज पडली तर दंडाला धरू नका, निसटतो. कंबरेला आणि पाठीला आधार द्या. तोलाची चाचणी भिंतीच्या कोपऱ्याजवळ घ्या.

अडचण अशी की हा मदतनीस चौकटीत येतो, आणि एकाच माणसाचा माग ठेवणारं मॉडेल मध्येच बिंदू त्याच्यावर टाकतं. उठबशीच्या मधोमध आलेखात एकदम उडी दिसली तर हेच झालेलं असतं. मदतनिसाला चौकटीबाहेर काढू नका. तो भाग बाद करा, घड्याळाचा आकडा घ्या.

सुरू करण्याआधी चार प्रश्न: आज छातीत दुखतंय का, चक्कर येतेय का, गेल्या तीन महिन्यांत शस्त्रक्रिया किंवा हाड मोडणं, आणि सकाळी काही खाल्लंय का. रक्तदाबाचं यंत्र असेल तर पडून आणि उभं राहून तीन मिनिटांत दोनदा मोजा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर त्या दिवशी चाचणी घेऊ नका आणि औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे पाठवा.

दिवेलागण

व्हिडिओ त्याच दिवशी पुसा. बिंदूंचे आकडे ठेवले तरी पुढच्या तुलनेला पुरतात. ॲप फोनवरच गणित करतं की व्हिडिओ बाहेर पाठवतं, हे एका सोप्या युक्तीने कळतं: विमान मोड लावून चालवून बघा. संमती मराठीत, मोठ्या अक्षरात, एका पानावर घ्या, आणि 'व्हिडिओ नको, नुसतं घड्याळ चालेल' असाही पर्याय ठेवा. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा आहेच, पण त्याच्या आधी माणसाचा मान आहे. हातावर जोर देऊन धडपडत उठणाऱ्या आजोबांचा व्हिडिओ संघाच्या व्हॉट्सॲप गटावर जाता कामा नये, कौतुक म्हणूनही नाही.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

आता असं ठरवते. दोन खुर्च्या, भिंतीला टेकवून. घड्याळ प्रत्येकासाठी, कॅमेरा उठबस आणि टगसाठी, तोल डोळ्यांनी. साडीतल्या सभासदांचे गुडघ्याचे आकडे घ्यायचे नाहीत. रंग लपवायचा, सेकंद आणि संख्या प्रत्येकाच्या पुस्तिकेत. पहिल्या दिवशी दहा जणांचं ॲप आणि घड्याळ ताडून बघायचं. जमिनीवरून उठण्याचा प्रश्नही घालते.

दोन शंका उरल्या. चपला घालून की अनवाणी? आणि आमच्याकडे मिळालेल्या खुर्चीवर पातळ गादी आहे, ती 45 सेंटीमीटर भरते. चालेल?

सांधाजोड

टग रोजच्या पादत्राणांत. पण अंगठ्याची सैल चप्पल असेल तर माणूस ती पडू नये म्हणून बोटं आवळून चालतो आणि पावलं आखूड पडतात. तेव्हा नोंदीत चपलेचा प्रकार लिहा आणि पुढच्या वेळी तीच घालायला सांगा. कुणी घरात अनवाणीच वावरत असेल तर अनवाणी, तेही लिहून. नुसते मोजे घालून कधीच नाही.

गादी काढा. माणूस बसला की ती दबते, जड माणसाची जास्त, हलक्याची कमी, म्हणजे प्रत्येकाला वेगळ्या उंचीची खुर्ची मिळते. गादीखालची फळी पुढच्या कडेला जमिनीपासून मोजा. 41 भरली तर पायांखाली चारही बाजूंना दोन सेंटीमीटरच्या लाकडी चकत्या खिळ्यांनी पक्क्या करा, आणि खुर्चीच्या मागे रंगाने '43' लिहून ठेवा, म्हणजे तीन महिन्यांनी स्वयंसेवक बदलले तरी तीच खुर्ची बाहेर काढली जाईल.